‘सुटले’ आणि ‘सोडले’ : अण्वस्त्रांच्या धाकाची मराठी भाषा

९ मार्च २०२२ रोजी संध्याकाळी भारतातून निघालेले एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, खानेवाल जिल्ह्यातल्या मियां चन्नूजवळ जाऊन पडले. पाकिस्तानी लष्कराने दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन तपशील दिले. वस्तू सिरसाच्या बाजूने आली, सुमारे ४० हजार फुटांवरून ध्वनीच्या कित्येक पट वेगाने आली आणि हद्दीत १२४ किलोमीटर आत शिरून कोसळली. त्यात स्फोटक नव्हते. थोडी पडझड झाली, माणूस कोणी गेले नाही. भारताने ११ मार्चला खेद व्यक्त केला. मराठीत ही बातमी सांगताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य होते : क्षेपणास्त्र चुकून सुटले.

या वाक्यातल्या क्रियापदापाशी मला थांबायचे आहे. ‘सुटणे’ हे मराठीतले विलक्षण सोयीचे क्रियापद आहे. शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, तोल सुटतो, हातातली कपबशी सुटते. या कशालाच कर्ता लागत नाही. ‘सोडणे’ म्हटले की लगेच कोणी, कोणावर, कशासाठी हे प्रश्न उभे राहतात. ‘सुटले’ म्हणून टाकले की ते प्रश्न उरत नाहीत. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये अपघात आणि आक्रमण यांतला सगळा फरक मराठीत एका क्रियापदाच्या रूपावर उभा आहे. आणि ज्या माणसाला तो फरक त्या संध्याकाळी तीन-चार मिनिटांत ओळखायचा होता, त्या पलीकडच्या रडारवरच्या माणसाला आपले व्याकरण उपलब्ध नव्हते. त्याला दिसत होता तो फक्त एक सरकणारा ठिपका. सुटलेल्या आणि सोडलेल्या क्षेपणास्त्राचा ठिपका सारखाच दिसतो.

दिवाळी अंकाच्या या विभागात संरक्षणशास्त्रावरचा लेख कशाला, असे कोणी विचारेल. हा लेख संरक्षणशास्त्राचा नाहीच. अण्वस्त्रांविषयी मराठीत जे बोलले आणि लिहिले जाते त्याची ही तपासणी आहे. माझे म्हणणे असे की अण्वस्त्रांचा विचार करताना आपली भाषा आपल्याला दोन गोष्टी दिसू देत नाही. एक, धाक दोन्हीकडून असतो. दोन, धाक घालणारी यंत्रणा माणसांची असते आणि माणसांच्या यंत्रणा चुकतात. मियां चन्नूची घटना दुसऱ्या गोष्टीचा धडधडीत पुरावा आहे, म्हणून सुरुवात तिथून.

या घटनेवर भारत सरकारने जे लिहिले-बोलले ते क्रमाने वाचण्यासारखे आहे. एखाद्या कादंबरीच्या तीन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात तसे. ११ मार्चच्या संरक्षण मंत्रालयाच्या निवेदनात कारण दिले आहे तांत्रिक बिघाडाचे. नेहमीची देखभाल चालू असताना बिघाड झाला आणि क्षेपणास्त्र उडाले. इथे कर्ता यंत्र आहे. १५ मार्चला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी संसदेत निवेदन केले. त्यात देखभाल आणि तपासणी चालू असताना क्षेपणास्त्र अनवधानाने सुटल्याचे सांगितले, उच्चस्तरीय चौकशीची माहिती दिली, कार्यपद्धतींचा आढावा घेतला जात असल्याचे सांगितले आणि आपली क्षेपणास्त्र यंत्रणा अत्यंत सुरक्षित व विश्वासार्ह असल्याची ग्वाहीही दिली. म्हणजे चार दिवसांत यंत्र निर्दोष ठरायला लागले होते. मग ऑगस्टमध्ये तिसरी आवृत्ती आली. चौकशीत आढळले की ठरलेल्या कार्यपद्धतीपासून फारकत घेतली गेली. प्रामुख्याने तीन अधिकारी जबाबदार. २३ ऑगस्टपासून त्यांची सेवा समाप्त. आता कर्ता माणूस झाला, तोही मोजून तीन.

सरकार खोटे बोलले, असा आरोप मी करत नाही. दोन दिवसांत चौकशी पूर्ण होत नसते आणि पहिले निवेदन घाईत, तणाव उतरवण्यासाठी लिहिलेले असणार. ते लिहिले गेले हेच मोलाचे. या उपखंडात लष्करी चुकीची जाहीर कबुली देण्याची सवय कोणाला आहे? तरीही तिन्ही आवृत्त्यांत एक जागा कायम रिकामी आहे. यंत्र आणि माणूस यांच्या मधली जागा : प्रशिक्षण, नियमावली, वरिष्ठांची देखरेख, कामाची वाटणी. सेवा समाप्त झालेल्यांपैकी एका अधिकाऱ्याने पुढे दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्याला फक्त देखभालीच्या कामाचे प्रशिक्षण होते, प्रत्यक्ष कारवाईचे नव्हते, असे त्याचे म्हणणे. उलट केंद्र सरकारने न्यायालयात सांगितले की या घटनेमुळे शेजारी देशाशी संबंधांवर परिणाम झाला आणि सरकारी तिजोरीचे सुमारे २४ कोटी रुपयांचे नुकसान झाले. कोण बरोबर हे ठरवणे माझे काम नाही. पण ती रिकामी जागा पहिल्यांदा दिसली ती या वादात, निवेदनांत नव्हे.

‘देखभाल’ हा शब्द नागपूरकराला परका नाही. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय इथेच, वायुसेनानगरात आहे. (२०२२ च्या घटनेशी त्याचा संबंध जोडण्याचे काहीही कारण नाही.) ब्राह्मोसचाही एक कारखाना नागपुरात आहे. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत पिनाकाची रॉकेट्स होतात, भद्रावतीत आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात दारूगोळ्याचे कारखाने आहेत, पुलगावला लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. बाजारगावच्या सोलर इंडस्ट्रीजला ३० मार्च २०२५ च्या गुढीपाडव्याला पंतप्रधानांनी भेट दिली, तेव्हा या सगळ्या पट्ट्याचा गौरव झाला. नागपूर म्हणजे झीरो माइल. सीमेपासून दूर, मध्यावर, सुरक्षित, हा आपल्या शहराचा जुना समज. लाहोर इथून हवाई अंतराने जेमतेम साडेबाराशे किलोमीटर असेल आणि पाकिस्तानने मार्च २०१५ मध्ये चाचणी घेतलेल्या शाहीन-३ चा पल्ला २७५० किलोमीटर सांगितला जातो. तेव्हा तो समज केव्हाच कालबाह्य झाला आहे. पण मला या पट्ट्याचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी करायचा आहे.

यंत्रणा कशा चुकतात हे विदर्भाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागून १९ जण गेले. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होते, हे नंतर बाहेर आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथेच निकामी दारूगोळा नष्ट करताना सहा जण दगावले. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावला नऊ, जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरला आठ. यातल्या एकाही ठिकाणी कोणाचा हेतू वाईट नव्हता. पाझरणारा सुरुंग कोणाच्या इच्छेने पाझरत नाही. ज्या जिल्ह्यांतल्या घराघरांत हे ज्ञान आहे, त्याच जिल्ह्यांतल्या सभागृहांत अण्वस्त्रांवर व्याख्यान झाले की चर्चा होते ती फक्त इच्छेची : आपली इच्छाशक्ती, त्यांची नियत, नेत्याची छाती. कारखान्यातले शहाणपण व्याख्यानाच्या मंचापर्यंत पोहोचत नाही. का पोहोचत नाही, याचे एक कारण मला शब्दांत सापडते.

इंग्रजीतल्या ‘डिटरन्स’ला मराठीत स्थिरावलेला शब्द नाही. कोणी ‘प्रतिरोधन’ म्हणते, कोणी ‘प्रतिबंधक क्षमता’. ‘प्रतिबंधक’ म्हटले की लस आठवते आणि दिशाभूल होते. लस रोगाला शरीरात अडवते. अण्वस्त्र निघालेल्या कुठल्याही क्षेपणास्त्राला अडवत नाही, ते निघूच नये एवढीच त्याची आशा असते. बोलण्यात मात्र आपण अस्सल मराठी शब्द वापरतो : धाक, वचक, दरारा, जरब. ‘जरब’ मुळात अरबी आणि तिथे तिचा अर्थ प्रहार. मराठीत येता येता प्रहार गळून गेला आणि त्याची भीती तेवढी उरली. डिटरन्सची याहून नेमकी व्युत्पत्ती सापडणे कठीण.

पण हे शब्द कुठे वापरले जातात ते पाहा. मास्तरांचा मुलांवर धाक असतो. पाटलाचा गावावर दरारा असतो. सासूची सुनेवर जरब असते, ठाणेदाराचा भुरट्यांवर वचक असतो. सगळीकडे वरून खाली. मुलांचा मास्तरांवर धाक आहे असे आपण म्हणतो ते विनोदाने, किंवा शाळा बिघडली आहे असे सांगण्यासाठी. एकमेकांवर असलेला, समसमान, दोघांनाही जागच्या जागी धरून ठेवणारा धाक सांगायला मराठीत शब्द नाही. शीतयुद्धाच्या काळातला ‘दहशतीचा समतोल’ हा अनुवादित प्रयोग त्यातल्या त्यात जवळचा होता. आता ‘दहशत’ हा शब्द दहशतवादाने इतका व्यापला आहे की तो आपल्या स्वतःच्या शस्त्रांना लावायची कोणाची तयारी नाही.

याचा परिणाम विचारावर होतो. कारगिलच्या युद्धात हवाई दलाला ताबारेषा ओलांडू नये असा आदेश होता. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये सैन्य सुमारे दहा महिने सीमेवर उभे राहिले आणि परत आले. या दोन्ही संयमांमागे कारणे अनेक होती : आंतरराष्ट्रीय मत, लष्करी तयारी, अमेरिकेचा दबाव. त्यांत पलीकडची अण्वस्त्रे हे एक मोठे कारण होते, हे जगभरचे अभ्यासक गृहीत धरतात. मराठीत मात्र ते वाक्य उच्चारून पाहावे : ‘पाकिस्तानचा आपल्यावर धाक होता.’ वाक्य विश्लेषण राहतच नाही, शिवी होते. म्हणून आपण ते उच्चारत नाही आणि संयमाचे स्पष्टीकरण मग एकच उरते, नेत्यांचा भित्रेपणा. भाषेने एका सिद्धांताचा अर्धा भाग कापून टाकला, उरलेल्या अर्ध्यावर आपण पंचवीस वर्षे वाद घालतो आहोत.

सिद्धांताच्या बाजूला थोडे जावे लागेल. ग्लेन स्नायडर या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्ये एक विरोधाभास मांडला : अण्वस्त्रांच्या पातळीवर स्थैर्य आले की खालच्या पातळीवर अस्थैर्याला मोकळे रान मिळते. मोठे युद्ध होणार नाही याची खात्री असल्यामुळेच छोट्या कुरापती काढाव्याशा वाटतात. फेब्रुवारी १९९९ चा लाहोर जाहीरनामा आणि त्याच मे महिन्यात उघडकीला आलेली कारगिलची घुसखोरी, या जोडीइतके या विरोधाभासाचे स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल. पुढे १९९५ मध्ये केनेथ वॉल्ट्झ आणि स्कॉट सेगन यांनी एकत्र पुस्तक काढून जाहीर वाद घातला. वॉल्ट्झ म्हणत, अण्वस्त्रे राज्यकर्त्यांना सावध करतात; प्रसार झाला तरी बिघडत नाही. सेगनचे उत्तर होते की अण्वस्त्रे ‘राज्य’ नावाच्या शहाण्या व्यक्तीच्या हातात नसतात, संघटनांच्या हातात असतात. आणि संघटनांना घाई असते, सवयी असतात, एकमेकांपासून लपवायच्या गोष्टी असतात. अशा पुस्तकांत वॉल्ट्झ वाचायला जास्त मजा येते, तो लिहितोही झोकात. पण पुलगाव पाहिलेल्या माणसाने सेगनच्या बाजूने उभे राहावे असे मला वाटते.

मराठीत १९९८ नंतर अण्वस्त्रांवर जे लेखन झाले त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. ११ आणि १३ मेच्या पोखरण चाचण्यांनंतरचा एक अभिमानाचा : शास्त्रज्ञांचा सत्कार, अमेरिकी उपग्रहांना दिलेला चकवा, शक्तिमान राष्ट्र. दुसरा निषेधाचा : हिरोशिमा, किरणोत्सर्ग, गांधींचा देश. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि पुलगाव एकाच रेल्वेमार्गावर आहेत, हा योगायोग दुसऱ्या प्रकारच्या लेखकांना उपमेसाठी फार सोयीचा पडतो. दोन्ही प्रकार एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत आणि दोघांचे गृहीतक एकच आहे : अण्वस्त्र हा इच्छेचा प्रश्न आहे. पहिल्याला इच्छा शुद्ध वाटते, दुसऱ्याला पापी. ब्राह्मोस कोणत्या जोडणीमुळे उडाले हे दोघांनाही बिनमहत्त्वाचे वाटेल.

निषेधाच्या बाजूची सर्वांत ताकदवान कलाकृती लेखन नसून चित्रपट आहे : आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ (२००२). सेन्सॉर बोर्डाने त्यात कापाकापी सुचवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती नाकारली आणि चित्रपट न कापता लोकांसमोर आला. पोखरणजवळच्या खेतोलाई गावातली माणसे, जादूगुडाच्या युरेनियम खाणींचा परिसर, पाकिस्तानातल्या सामान्य लोकांशी गप्पा, हिरोशिमातले वाचलेले लोक. पटवर्धनांचा कॅमेरा उन्मादाला स्वतःच्या तोंडून बोलू देतो, त्यामुळे त्यांना फार टीका करावी लागत नाही. हा चित्रपट मी मोठा मानतो. तरी त्याचा रोख माणसांच्या मनातल्या बॉम्बवर आहे. मने बदलली तर बॉम्ब जाईल, ही त्याची आस आहे. ती पूर्ण होईपर्यंत बॉम्ब ज्या हातांत, ज्या पाळ्यांत, ज्या नियमावल्यांत राहतो, तिकडे तो फारसा वळत नाही. त्या प्रश्नाला आस पुरत नाही.

मग ९ मार्च २०२२ ला काही झाले नाही ते कशामुळे? धाकाचे समर्थक म्हणतात, बघा, पाकिस्तानने प्रत्युत्तर दिले नाही, यंत्रणा परिपक्व आहेत. टीकाकार म्हणतात, नशीब. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. त्या संध्याकाळची परिस्थिती पाहायला हवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही देशांच्या डीजीएमओंनी ताबारेषेवर शस्त्रसंधी पाळण्याचे संयुक्त निवेदन काढले होते आणि वर्षभर ती बऱ्यापैकी टिकली होती. इस्लामाबादेत आदल्याच दिवशी, ८ मार्चला, इम्रान खान यांच्या सरकारवर अविश्वास ठराव दाखल झाला होता. कोणालाही हल्ल्याची अपेक्षा नव्हती, म्हणून ठिपक्याचा अर्थ हल्ला असा लावला गेला नाही. ठिपक्याला अर्थ देतो तो भोवतालचा काळ.

काळ बदलला की काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच बाजूला आहे. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, बडगाममध्ये आपल्याच हवाई संरक्षण यंत्रणेने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ती मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी त्या ऑक्टोबरमध्ये मान्य केले. आकाशातले आपले हेलिकॉप्टर आपल्या माणसांना शत्रूचे वाटले, कारण त्या सकाळी सगळेच शत्रूची वाट पाहत होते. मियां चन्नूचे क्षेपणास्त्र त्या सकाळी गेले असते तर?

मे २०२५ मध्ये याचे उत्तर जवळजवळ मिळाले. १० मेच्या पहाटे रावळपिंडीजवळच्या नूर खान तळावर मारा झाला. पुढे जुलैत पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्ला दूरचित्रवाणीवर म्हणाले की येणाऱ्या ब्राह्मोसवर अण्वस्त्र आहे की नाही हे ठरवायला आपल्याकडे ३० ते ४५ सेकंद होते. राजकारण्याचे बोलणे आहे, जगाची सहानुभूती मिळवण्याचा हेतूही असेल, आणि सेकंदांचा हिशेब कोणी तपासून दिलेला नाही. पण त्यातला प्रश्न खरा आहे. ब्राह्मोस हे पारंपरिक शस्त्र आहे, असे आपण म्हणतो. त्याच्या नाकात काय आहे हे बाहेरून दिसत नाही. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे त्या क्षणी शेजाऱ्याला सांगायचे कसे? जानेवारी १९९५ मध्ये नॉर्वेहून सुटलेल्या संशोधनाच्या एका अग्निबाणाने रशियन यंत्रणा खडबडून जागी झाली होती. नॉर्वेने आधी सूचना दिली होती. ती रडारवरच्या लोकांपर्यंत पोहोचली नव्हती. मॉस्कोकडे विचार करायला निदान काही मिनिटे होती. लाहोर, रावळपिंडी, अमृतसर, दिल्ली यांच्यातल्या अंतरांत ती चैन नाही.

म्हणून मला वाटते की या विषयातले सर्वांत महत्त्वाचे लेखन अभिमानाचेही नाही आणि निषेधाचेही नाही. ते कंटाळवाण्या करारांचे आहे, आणि त्याचा एकही समीक्षक नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, पराक्रमच्या वेळी दिल्या, पुलवामानंतर दिल्या. जानेवारी २०२५ ची खेप ३४वी होती. शत्रूला आपल्या मर्मस्थानांचे पत्ते लिहून देणारा हा दस्तऐवज म्हणजे दोन्ही बाजूंच्या धाकाची लेखी कबुलीच आहे. आपल्या भाषेला जे म्हणवत नाही ते तो दरवर्षी म्हणतो. फेब्रुवारी २००७ मध्ये अण्वस्त्रांच्या अपघातांची एकमेकांना तातडीने माहिती देण्याचा करार झाला. ९ मार्चची घटना त्याच्या चौकटीबाहेर पडली, कारण ते क्षेपणास्त्र अण्वस्त्र नव्हते. ११ मार्चपर्यंत भारताकडून अधिकृत कळवणे आले नाही, ही पाकिस्तानची तक्रार होती.

आणि ३ ऑक्टोबर २००५ चा करार. क्षेपणास्त्र चाचणीची किमान तीन दिवस आधी सूचना द्यायची, चाचणीची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत असू नये, असा तपशीलवार करार. तो आहे फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत. करार लिहिताना ती अस्तित्वात नव्हती असेही नाही. ब्राह्मोसची पहिली चाचणी जून २००१ मधली आणि पाकिस्तानच्या बाबरची ११ ऑगस्ट २००५ ची, सही होण्याच्या जेमतेम सात आठवडे आधीची. टेबलाच्या दोन्ही बाजूंना क्रूझ क्षेपणास्त्र होते. मसुद्यात तो शब्द आला नाही.